संत्र्याच्या सालीचा अर्क कर्करोगाचा प्रसार रोखतो का, हे प्रयोगशाळेत कसं तपासायचं

‘अर्क दिला आणि पेशींची चाल मंदावली’ एवढ्यावर प्रबंध उभा राहत नाही. पेशी चालायची थांबली, मरायला लागली, की नुसतं तिचं विभाजन मंदावलं? सूक्ष्मदर्शकाखाली तिन्ही गोष्टी जवळपास सारख्याच दिसतात. वनस्पतींच्या अर्कांवरची बरीच मेहनत याच एका गोंधळात वाया जाते. खालची पद्धत हा गोंधळ पहिल्या दिवसापासून टाळण्यासाठी आहे. ती नागपूरच्या एम.एस्सी., एम.फार्म. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे.

प्रश्न महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. कर्करोगाने दगावणारे बहुतेक रुग्ण मूळ गाठीमुळे दगावत नाहीत. गाठीतून सुटलेल्या पेशी फुप्फुसात, यकृतात, हाडांत, मेंदूत जाऊन तिथे नव्या गाठी करतात, त्या जीव घेतात. वनस्पतींनी आजवर दिलेली मोठी औषधं, म्हणजे सदाफुलीतली व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन, पॅसिफिक यू झाडाच्या सालीतलं पॅक्लिटॅक्सेल, कॅम्प्टोथेसिनपासून बनवलेलं इरिनोटेकान, ही विभाजन होणाऱ्या पेशीवर घाव घालतात. (कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही सापडतं.) पेशीला न मारता जागेवर रोखणं हे वेगळं काम आहे आणि त्याच्या चाचण्याही वेगळ्या.

संत्र्याची साल निवडण्यामागे कारण आहे. तिच्यात नोबिलेटिन आणि टॅंजेरेटिन ही पॉलिमेथॉक्सिफ्लेवोन गटातली संयुगं असतात, शिवाय भरपूर हेस्पेरिडिन. पहिली दोन मुख्यतः बाहेरच्या केशरी थरात असतात, हेस्पेरिडिन आतल्या पांढऱ्या भागात जास्त. म्हणून दोन्ही थर एकत्र दळायचे की वेगळे, हे सुरुवातीलाच ठरवा. प्रसाराचा प्रश्न असेल तर केशरी थर सुरीने वेगळा काढलेला बरा.

साल: कुठून आणायची, कशी वाळवायची

रसवंतीच्या मागच्या ढिगातली साल उचलू नका. त्यात किन्नू (वेगळी संकरित जात) मिसळलेला असू शकतो, आणि फळावर मेण चढवलंय का, शेवटची फवारणी कधी झाली, हे कुणीच सांगू शकत नाही. काटोल, कळमेश्वर किंवा वरुडकडच्या एखाद्या बागेतून थेट ५ ते ६ किलो फळं घ्या. बागायतदाराला शेवटच्या फवारणीची तारीख आणि औषधाचं नाव विचारून वहीत लिहा. कीटकनाशकाचा अंशही पेशी मारतो, आणि मग ते श्रेय तुम्ही नोबिलेटिनला देऊन बसता. फळ आंबिया बहाराचं की मृग बहाराचं, हेही नोंदवा. हंगाम आणि पिकलेपण बदललं की सालीतली संयुगं कमीजास्त होतात.

त्याच झाडाची पानाफळांसह एक फांदी दाबून वाळवा आणि विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाकडून ओळख पटवून व्हाउचर क्रमांक (जपून ठेवलेल्या नमुन्याचा नोंदणी क्रमांक) घ्या. हे काम शेवटी करू म्हटलं तर तोवर झाडावर फळच उरत नाही.

फळं नळाच्या पाण्याने दोनदा, डिस्टिल्ड पाण्याने एकदा धुवा. सालीचे साधारण १ सेंटिमीटरचे तुकडे करून ट्रेमध्ये एकाच थरात पसरा आणि ओव्हनमध्ये ४० अंश सेल्सिअसला ४८ तास ठेवा. मे महिन्यात गच्चीवर एका दिवसात साल कडक होते खरी, पण उघड्या उन्हाने रंगद्रव्यं आणि इतर संयुगं बिघडतात. त्यापेक्षा ओव्हन बरा. पावसाळ्यात हवेवर वाळवायला ठेवलेल्या सालीवर दोन दिवसांत बुरशी धरते. असा माल झटकून वापरू नका, फेकून द्या. बुरशीचं विष अर्कात उतरतं. साल नीट वाळली की वाकवल्यावर वाकत नाही, कट्‌कन तुटते. तरी वजनावर भरवसा ठेवा: चार तासांच्या अंतराने केलेली दोन वजनं सारखी आली पाहिजेत. ओल्या सालीचा साधारण चौथा हिस्सा उरतो.

दळताना मिक्सर एका वेळी २० सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका. भांडं तापलं की तेल सुटून भुकटी कडांना चिकटते. ४० नंबरच्या चाळणीतून चाळा आणि रंगीत बाटलीत उणे २० अंशांना ठेवा.

अर्क

५० ग्रॅम भुकटी, ५०० मिलि ८० टक्के इथेनॉल, झाकण लावून शेकरवर २४ तास. गाळा, त्याच चोथ्यात नवं ५०० मिलि घाला, असं तीनदा. तिन्ही गाळणं एकत्र करून रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांना इथेनॉल उडवा. सॉक्सलेट लवकर आटोपतं, पण त्यात अर्क तासन्‌तास गरम राहतो; इथे त्याची गरज नाही.

जो चिकट पाक उरतो त्यात साखर भरपूर असते. तिच्यामुळे अर्काचं वजन फुगतं आणि हवेतलं पाणी ओढून तो चिखल होतो. म्हणून पाक २०० मिलि पाण्यात ढवळा आणि विलगक नरसाळ्यात २०० मिलि इथाइल ॲसिटेटने तीनदा धुऊन घ्या. साखर पाण्यात राहते, नोबिलेटिन-टॅंजेरेटिन वर इथाइल ॲसिटेटच्या थरात येतात. मधे फेसाचा थर अडकून बसला तर चमचाभर मीठ टाकून तासभर थांबा, हलवत बसू नका. तो वरचा थर वाळवा. हा तुमचा काम करायचा अर्क.

एक चूक फार जण करतात. चरबी काढायची म्हणून आधी हेक्झेन किंवा पेट्रोलियम इथरने भुकटी धुतात. ही संयुगं स्निग्ध स्वभावाची आहेत, त्यामुळे काही भाग त्या धुण्याबरोबर निघून जातो. धुवायचंच असेल तर ते धुणं फेकू नका, त्याचीही तपासणी करा.

पुढे जाण्याआधी एचपीएलसी (अर्कातली संयुगं वेगळी करून मोजायची चाचणी) करा. सी-१८ कॉलम, नोबिलेटिन-टॅंजेरेटिनसाठी ३३० नॅनोमीटर, हेस्पेरिडिनसाठी २८३. शुद्ध प्रमाण संयुगं शेजारी चालवल्याशिवाय आलेखातल्या शिखराला नाव देऊ नका. अर्कात नोबिलेटिन किती टक्के, हा आकडा पुढे लागणार आहे.

अर्काचं साठ्याचं द्रावण डीएमएसओमध्ये (डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात) करा, मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. त्यापासून डीएमएसओमध्येच ५०, २५, १२.५ आणि ६.२५ चे साठे बनवा आणि पेशींवर देताना प्रत्येक साठा हजार पटींनी पातळ करा. म्हणजे १०० पासून ६.२५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिपर्यंत सगळे डोस मिळतात आणि डीएमएसओ सगळीकडे ०.१ टक्काच राहतो. तेवढाच डीएमएसओ घातलेला कंट्रोल (अर्क नसलेला तुलनेचा नमुना) प्रत्येक प्लेटमध्ये हवाच. गाळायचं असेल तर ०.२२ मायक्रॉनचा पीटीएफई फिल्टर वापरा. सेल्युलोज ॲसिटेटचा पडदा डीएमएसओत विरघळतो. मीडियात (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) घातल्यावर वेल (प्लेटमधली छोटी वाटी) सूक्ष्मदर्शकाखाली बघा. बारीक स्फटिक दिसले तर संयुग बाहेर पडलंय (हेस्पेरिडिनचं असं फार होतं) आणि तुमचा डोस कागदावर आहे तो नाही.

कोणत्या पेशी

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून घ्या, शेजारच्या प्रयोगशाळेतून उसन्या नकोत. स्तनाच्या कर्करोगासाठी एमडीए-एमबी-२३१ ही पेशीरेषा चांगली चालते-फिरते. नागपुरात खर्ऱ्यामुळे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे) तोंडाच्या कर्करोगाचा प्रश्न जवळचा आहे, त्यासाठी जिभेच्या गाठीतली कॅल-२७ घ्या. पण केबी ही ‘तोंडाच्या कर्करोगाची’ म्हणून घेऊ नका. ती प्रत्यक्षात हेला आहे, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची; हेप-२ चंही तेच. एमडीए-एमबी-४३५ वर्षानुवर्षं स्तनाची समजून वापरली गेली, ती त्वचेच्या मेलॅनोमाची निघाली. एसटीआर तपासणीचा (डीएनएवरून पेशींची ओळख पटवल्याचा) दाखला मागा आणि दर दोन महिन्यांनी मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारा सूक्ष्म जीवाणू) तपासा.

एमडीए-एमबी-२३१ साठी पुष्कळदा एल-१५ मीडिया सुचवला जातो. तो कार्बन डायऑक्साइडशिवाय वापरायचा असतो. ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवला तर काही तासांत पिवळा पडतो आणि पेशी आखडतात. तुमचं इन्क्युबेटर नेहमीचं असेल तर डीएमईएम मीडिया आणि १० टक्के सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) वापरा.

उन्हाळा, कूलर आणि इन्क्युबेटर

कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. त्याला ३७ अंश राखायला खोली किमान पाच अंश थंड लागते. मे महिन्यात दुपारी एसी बंद पडला आणि खोली ३८-४० वर गेली की आतलं तापमान बाहेरच्या मागोमाग चढतं आणि पेशी तशाही मंदावतात. त्या दिवशीचा ‘परिणाम’ अर्काचा नसतो. आत पाण्याच्या पेल्यात एक साधा थर्मामीटर ठेवा आणि रोज सकाळ-दुपार त्यावरचा आकडा लिहा, पडद्यावरचा नव्हे. खोली २४ ते २६ अंशांवर ठेवा.

पेशींच्या खोलीत कूलर कधीही नको, शेजारच्या खोलीतल्या कूलरची हवाही आत येता कामा नये. ओल्या ताट्यांवर बुरशी वाढते आणि तिचे बीजाणू पंखा खोलीभर उडवतो. बाटलीत तिसऱ्या दिवशी पांढरा कापसासारखा गोळा दिसला तर आधी कूलर कुठे चालू आहे ते बघा.

आधी मारणारा डोस शोधा

९६ वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येक वेलात १०० मायक्रोलिटर मीडियात ६,००० पेशी. कडेच्या वेलांत नुसतं पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण) भरा; कडेचं पाणी उडतं. २४ तास चिकटू द्या, मग अर्क, २४ आणि ४८ तास. मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम एमटीटीचे (जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात त्या पिवळ्या रंगाचे) १० मायक्रोलिटर, तीन ते चार तास, मीडिया हलकेच काढून १०० मायक्रोलिटर डीएमएसओ, ५७० नॅनोमीटरवर वाचन, ६३० वजा.

इथे दोन सापळे आहेत. पहिला: फ्लेवोनॉइड आणि इतर प्रतिऑक्सिडक संयुगं पेशींशिवायही एमटीटीचा जांभळा रंग करतात. पेशी मेल्या तरी वाचन ‘जिवंत’ येतं. म्हणून प्रत्येक डोससाठी पेशी नसलेले, फक्त अर्क आणि एमटीटीचे वेल ठेवा, आणि एमटीटी घालण्याआधी अर्काचा मीडिया बदला. निकाल ट्रायपॅन ब्लूच्या (फक्त मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या रंगाच्या) मोजणीशी ताडून बघा. (हळदीच्या कर्क्युमिनवर काम करणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. ते स्वतः पिवळं आहे, चमकतं, आणि सीरम नसलेल्या ३७ अंशांच्या द्रावणात अर्ध्या तासात बहुतेक नष्ट होतं.)

दुसरा सापळा जास्त घातक. एमटीटी १० टक्के सीरममध्ये करायची आणि ओरखडा चाचणी (पेशींच्या थरात भेग पाडून ती किती भरते ते बघणं) १ टक्क्यात. सीरममधलं अल्ब्युमिन ही संयुगं धरून ठेवतं; सीरम कमी केलं की तोच डोस पेशींवर जास्त जोराने काम करतो. म्हणून विषारीपणा त्याच १ टक्के सीरममध्ये, तितक्याच तासांसाठी मोजा. ज्या डोसला ९० टक्के किंवा जास्त पेशी जिवंत आहेत, तोच पुढे न्या. त्याच्या वरचा डोस कितीही देखणा परिणाम दाखवू दे, तो प्रसार रोखण्याच्या खात्यात धरायचा नाही.

ओरखडा चाचणी

२४ वेलच्या प्लेटच्या तळाशी बाहेरून मार्करने प्रत्येक वेलाखाली एक आडवी रेघ काढा. ओरखडा हिला छेदून उभा जाईल, आणि छेदाच्या वर-खाली अशा दोन ठरावीक जागांचे फोटो घेता येतील. ही रेघ नसेल तर शून्य तासाची जागा २४ तासांनी सापडत नाही, आणि जिथे भेग रुंद दिसते तिथेच हात थांबतो.

वेलाला २ लाख पेशी, ५०० मायक्रोलिटर मीडिया. दुसऱ्या दिवशी थर अखंड हवा. ८० टक्के भरलेल्या थरावर ओरखडा काढला तर कडा फाटक्या येतात. विभाजन थांबवायला मायटोमायसिन-सी, मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम, दोन तास, मग धुवा. हे विषारी औषध आहे. दुहेरी हातमोजे घाला आणि टाकाऊ द्रावण वेगळ्या बाटलीत जमवा. मायटोमायसिन वापरायचं नसेल तर निरीक्षण १६ तासांवर थांबवा आणि विभाजनाची मोजणी वेगळी दाखवा.

२०० मायक्रोलिटरची पिवळी टिप अगदी उभी धरा, पट्टी टेकवा आणि वेलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच दमात ओढा. टिप तिरकी झाली की एक कड सरळ आणि दुसरी दातेरी येते. जोर जास्त झाला तर प्लास्टिकवर बारीक चरा पडतो आणि पेशी त्या चऱ्याच्या बाजूने चालायला लागतात. प्रत्येक वेलाला नवी टिप. सगळे ओरखडे एकाच माणसाने काढावेत.

सुटलेल्या पेशी धुवायला कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं पीबीएस घ्या, वेलाच्या भिंतीवरून सोडा, दोनदा. साधं पीबीएस जास्त वेळ राहिलं तर थराची कड उचलून गुंडाळी होते. मग भेग २४ तासांत बुजण्याऐवजी वाढते. अर्काच्या वेलात असं झालं तर पेशी ‘थांबल्या’ नाहीत, त्यांची पकड सुटली आहे. तो डोस परत एमटीटीकडे न्या.

धुतल्यावर १ टक्के सीरमचा मीडिया आणि अर्क. फोटो ०, ८, १६ आणि २४ तासांना, एकाच भिंगाने. प्लेट बाहेर पाच मिनिटांपेक्षा जास्त नको. सालीतलं उडणारं तेल अर्कात राहिलं असेल तर शेजारच्या कंट्रोल वेलापर्यंत त्याची वाफ पोचते. संत्र्याचा वास येणारा अर्क असेल तर कंट्रोल वेगळ्या प्लेटमध्ये ठेवा. कमी चाल दाखवणारा तुलनेचा नमुना म्हणून सीरम अजिबात नसलेला वेल ठेवा.

इमेजजे या फोटो मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भेगेचं क्षेत्रफळ मोजा: शून्य तासाच्या क्षेत्रफळातून नंतरचं वजा करून शून्य तासाच्याने भागा, गुणिले शंभर. मोजण्याआधी दुसऱ्या कुणाकडून फोटोंची नावं बदलून घ्या. तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (नव्या भांड्यात पुन्हा वाढवलेल्या पिढीच्या) पेशींवर तीनदा केलेला प्रयोग म्हणजे तीन.

ट्रान्सवेल आणि झायमोग्राफी

ओरखडा पेशींची सपाटीवरची चाल सांगतो. भोकातून पलीकडे जायची ताकद बघायला ८ मायक्रॉनच्या छिद्रांचं ट्रान्सवेल इन्सर्ट (सच्छिद्र तळाचा, वेलात बसणारा छोटा पेला) घ्या: वर सीरमविना २०० मायक्रोलिटरमध्ये ५०,००० पेशी आणि अर्क, खाली १० टक्के सीरमचे ६०० मायक्रोलिटर, १६ ते २४ तास. खाली अर्क घालायचा की नाही ते ठरवून सगळीकडे तसंच ठेवा. सीरम नसल्यामुळे इथे विषारीपणा पुन्हा तपासावा लागेल. वरच्या बाजूच्या पेशी कापसाच्या बोळ्याने पुसा, ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, ०.१ टक्के क्रिस्टल व्हायोलेट, आणि पाच ठिकाणी मोजणी. मॅट्रिजेल (पेशींभोवतालच्या जाळीसारखं जेल) लावणार असाल तर टिपा, नळ्या, इन्सर्ट सगळं आधी बर्फावर थंड करा. नागपूरच्या खोलीत ते टिपमध्येच घट्ट होतं.

झायमोग्राफीत पेशींनी सोडलेलं एमएमपी-२ आणि एमएमपी-९ (पेशींभोवतालची जाळी कापणारी एन्झाइम) दिसतं. १० टक्के जेल, त्यात ०.१ टक्के जिलेटिन. नमुना उकळायचा नाही आणि मरकॅप्टोइथेनॉल घालायचं नाही, नाहीतर एन्झाइम मरतं. नंतर २.५ टक्के ट्रायटनमध्ये अर्धा-अर्धा तास दोनदा, कॅल्शियम असलेल्या ट्रिस बफरमध्ये ३७ अंशांना १६ ते १८ तास. रंगवून निळ्या झालेल्या जेलवर ९२ आणि ७२ किलोडाल्टनला पांढरे पट्टे दिसतात. लेनमध्ये प्रथिन समान भरलं नसेल तर फिका पट्टा काहीच सिद्ध करत नाही.

आकडा शरीरात नेऊन बघा

मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमवर परिणाम मिळाला, तर गणित मांडा. माणसाचं ५ लिटर रक्त धरलं तर नुसत्या रक्तात एका वेळी ५०० मिलिग्रॅम अर्क विरघळलेला हवा. तोही यकृतातून न बदलता, इतर अवयवांत न पसरता. असं होत नाही. म्हणून अर्कावर थांबू नका. एचपीएलसीत नोबिलेटिन समजा २ टक्के निघालं, तर १०० मायक्रोग्रॅम अर्कात ते २ मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण ५ मायक्रोमोलर. तेवढंच शुद्ध नोबिलेटिन वेगळ्या वेलात द्या. परिणाम तसाच आला तर काम नोबिलेटिनचं. नाही आला तर अर्कात दुसरं काहीतरी आहे, आणि खरा शोध तिथून सुरू होतो.

शुद्ध संयुगाचाही निकाल सावधपणे वाचावा लागतो, आणि त्याचं उदाहरण याच सालीत आहे. टॅंजेरेटिन प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींचं आक्रमण रोखतं, असं दिसलं होतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या अभ्यासात ते पिण्याच्या पाण्यातून टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कर्करोगावरच्या औषधासोबत दिलं, तर टॅमॉक्सिफेनचा गाठ रोखण्याचा फायदाच गेला. म्हणून अर्काचा निकाल चांगला आला की पुढची चाचणी नेहमीच्या औषधासोबतची करा, एकट्या अर्काची नव्हे. आणि घरात, शेजारी कुणी उपचार घेत असेल आणि साल उकळून द्यावी का असं विचारलं, तर सरळ नको म्हणा. काढा, चूर्ण, गोळी जे काही चालू असेल त्याची चिठ्ठी करून ती केमोथेरपी देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात द्यायला सांगा.

निष्कर्ष लिहिताना

‘अर्क कर्करोगाचा प्रसार रोखतो’ असं लिहू नका. असं लिहा: ‘केशरी थराच्या इथाइल ॲसिटेट अर्काने, ९० टक्क्यांहून जास्त पेशी जिवंत असताना, १ टक्के सीरममध्ये, १६ तासांत एमडीए-एमबी-२३१ पेशींची ओरखडा भरण्याची गती इतक्या टक्क्यांनी कमी केली.’ सोबत व्हाउचर क्रमांक, बहार, नोबिलेटिनचे टक्के आणि पॅसेज क्रमांक द्या.

उरलेल्या अर्काचे ५० मिलिग्रॅमचे भाग करून उणे ८० अंशांना ठेवा. मग पुढचा बहार येईल तेव्हा त्याच बागेतून पुन्हा ५ किलो आणा, पुन्हा अर्क काढा आणि जुना-नवा अर्क एकाच प्लेटवर शेजारी शेजारी चालवा. एचपीएलसीची शिखरं जुळली आणि भेगही तशीच उरली, तर तो पहिला निकाल धरा.